लमाणाची गोणी



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आमच्या शाळेत दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे साउंडवाला ऐनवेळी म्हणतो, "गुरुजी, जनरेटरचं नक्की नाही बरं का." आणि दुसरी म्हणजे सातवीतला कुणीतरी पोरगा घरून आज्याची शाल घेऊन येतो आणि म्हणतो, "सर, मी नटसम्राट करतो."

यंदाही एक आला. कंधारजवळच्या एका तांड्यावरून तो सायकल मारत शाळेत येतो. त्याचं नाव मी सांगणार नाही, तो लाजेल. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजा आणि आजी. पोरगा मोठा गुणी. मोबाइलवर बघून बघून त्यानं ते लांबलचक स्वगत तोंडपाठ केलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण आवाज? जणू किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून मन्याडपल्याडच्या माणसाला हाका मारायलाय! मी म्हणायचो, "हळू रे बाबा." तो म्हणायचा, "सर, नटसम्राट हळू बोलत असतो का कुठं?"

चार दिवस तालीम झाली आणि पाचव्या दिवशी घसा बसला. 'सर' म्हणायला तोंड उघडलं, तर बाहेर आली नुसती हवा. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मग काय! आमचे नटसम्राट पहिल्या बाकावर मुके होऊन बसले. काही सांगायचं असलं की वहीवर लिहायचं आणि वही वर धरायची.

वर्ग नुसता खिदळत होता. म्हणून मी म्हटलं, "हसू नका. हा नटसम्राट मराठी रंगभूमीवर ज्यांनी पहिल्यांदा उभा केला, ते कोण होते माहीत आहे का? घशाचे डॉक्टर!"

सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नाना पाटेकर डॉक्टर हायत?"

तुम्हालाही असंच वाटलं ना? नाना पाटेकरांचा 'नटसम्राट' हा चित्रपट २०१६ सालचा. पण मूळ नाटक आहे १९७० सालचं. लिहिलं वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी. गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेनं ते रंगभूमीवर आणलं आणि २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्यात म्हाताऱ्या गणपतराव बेलवलकरांची भूमिका करणारे नट होते डॉ. श्रीराम लागू. वय अवघं त्रेचाळीस. तुमच्या बाबांचं असेल तेवढं.

तर आज या डॉक्टरांचीच गोष्ट.

श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७ चा. वडीलही डॉक्टर. शिक्षण पुण्याला. भावे हायस्कूल, मग फर्ग्युसन कॉलेज आणि पुढे बी. जे. मेडिकल कॉलेज. कान, नाक, घसा यांचे ते शल्यचिकित्सक झाले, म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर. कॅनडाला आणि इंग्लंडला जाऊन आणखी शिकून आले. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे, तिथल्या टबोरा गावीही त्यांनी डॉक्टरकी केली. नकाशात शोधा बरं, देशाच्या साधारण मध्यभागी सापडेल.

पण या डॉक्टरांना नाटकाचा नाद होता. साधासुधा नाही, हाडीमाशी खिळलेला. १९५१ साली पुण्यात भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी एक नाट्यसंस्था उभी केली. तिचं नाव प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, लोक 'पीडीए' म्हणतात. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम, असं कैक वर्षं चाललं. परदेशातून परतले की पुन्हा तालीम. दोन घोड्यांवर बसून किती दिवस जाणार? १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि पूर्ण वेळ नट झाले. वसंत कानेटकरांचं संभाजी महाराजांवरचं 'इथे ओशाळला मृत्यू' हे नाटक त्यांनी केलं, आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'.

हे ऐकून वर्गात एकानं विचारलं, "सर, चांगलं डॉक्टर असून सोडलं कामून?"

आता इथं मला पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. मुलांनो, तुम्ही हा परिच्छेद वाचला तरी चालेल.

आपला नांदेड-लातूरचा मुलूख म्हणजे डॉक्टर घडवणारा मुलूख. दहावीचा निकाल लागला की कंधारहून नांदेडला आणि लातूरला जाणाऱ्या एस.टी.च्या टपावर गाद्या, बादल्या आणि पुस्तकांची खोकी चढतात. आपल्या या शालवाल्या पोराचा बापही उसाच्या फडातून मला फोन करतो. परवा म्हणाला, "सर, पोरगं नाटकात हाय म्हणं. मला तर त्याला डॉक्टर करायचंय." मी म्हटलं, "अहो, तो ज्या नाटकातलं करतोय, ते पहिल्यांदा एका डॉक्टरनंच केलं होतं." तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "आसं? मग करू द्या." त्या डॉक्टरनं पुढं डॉक्टरकी सोडली, हे वाक्य मात्र मी गिळलं. हा अंक त्यांच्या हाती पडला की मला पुन्हा फोन येणार, याची तयारी ठेवली आहे.

पण एक गोष्ट मुलांनीही ध्यानात घ्यावी. लागूंनी अभ्यास टाळायला नाटक धरलं नाही. अवघड शिक्षण पुरं केलं, कैक वर्षं रोगी तपासले आणि मगच ठरवलं. तसे मराठी रंगभूमीवर डॉक्टर बरेच झाले. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचाराचे, जब्बार पटेल लहान मुलांचे. कधीकधी वाटतं, या सगळ्यांनी मिळून एखादा दवाखाना काढला असता तर बाहेर तिकीटखिडकीच लावावी लागली असती!

असो. आता घशाकडे येऊ.

तुमच्या गळ्यात पुढच्या बाजूला हात लावा आणि 'आ' म्हणा. थरथर जाणवली? तिथं स्वरयंत्र आहे. त्यात दोन नाजूक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातली हवा वर येताना त्या थरथरतात आणि आवाज उमटतो. मोठ्या पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला शंभराच्या वर वेळा थरथरतात, बाईमाणसांचे दोनशेच्या आसपास आणि तुम्हा लेकरांचे त्याहूनही जास्त. नुसता गळा आवळून ओरडलं की या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, सुजतात आणि घसा बसतो. मग शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा कसा? पोटापर्यंत श्वास घ्यायचा, तो जपून वापरायचा आणि शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. लागूंनी या विषयावर 'वाचिक अभिनय' नावाचं पुस्तकच लिहिलं आहे. घशाचा डॉक्टर आणि वर नट, त्यांच्याइतकं हे कोण सांगणार?

'नटसम्राट'मधले बेलवलकर हे निवृत्त झालेले थोर नट. सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतात आणि मग त्यांच्याच दारात परके होतात. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधल्या राजासारखंच. या म्हाताऱ्याला नुसता खोकला आणि काठी देऊन भागत नाही. रुबाब आहे, राग आहे, बायकोवरची माया आहे, आणि शेवटी भ्रमिष्टपणाही आहे. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी अशा मोठमोठ्या नटांनी ही भूमिका केली. म्हणजे विचार करा, एकच माल, पण वाहून नेणारे किती!

'वाहून नेणारे' हा शब्द मी उगीच वापरला नाही. पण जरा थांबा, आधी सिनेमाचं सांगतो, कारण तिथं माझा थोडा स्वार्थ आहे.

१९७२ साली व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. त्यात लागू झाले गुरुजी! गावातून तमाशा हाकलून लावायला निघालेले आदर्श गुरुजी स्वतःच तमाशाच्या फडात अडकतात. माळेगावच्या जत्रेत तुम्ही फड बघितले असतील, तसा फड. गावाला वाटतं, गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि शेवटी खुद्द गुरुजींवरच गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो! 'मीच तो' असं सांगून सुटता आलं असतं, पण गावाच्या मनातला आदर्श मोडू नये म्हणून ते सांगत नाहीत. मी मास्तर झाल्यावर हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला, तेव्हा पहिल्यापेक्षा फार वेगळा वाटला.

मग १९७५ साली 'सामना'. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल. इथंही लागू मास्तरच, पण दारूत बुडालेला, फाटका. समोर साखर कारखान्याचा बलाढ्य पाटील, म्हणजे निळू फुले. हा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचं काय झालं, एवढंच विचारत राहतो. पुन्हा पुन्हा विचारतो. हातात काठी नाही, खिशात पैसा नाही, पण पाटलाची झोप उडते. पोरांनो, प्रश्नात किती ताकद असते ते बघायचं असेल तर हा सिनेमा मोठे झाल्यावर जरूर बघा.

मला मोजायची सवय आहे. कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'मधले त्यांचे नानासाहेब भानू हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरून घेतलेलं पात्र. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १९८२ च्या 'गांधी' या इंग्रजी चित्रपटात लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले केले. गोखलेही फर्ग्युसनमध्येच शिकवायचे, आणि लागू शिकले तेही त्याच फर्ग्युसनमध्ये! वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात सॉक्रेटिस उभा केला. सॉक्रेटिस म्हणजे प्लेटोचा गुरू. झाले की नाही पाच मास्तर? हिंदीतही त्यांनी पुष्कळ चित्रपट केले, 'घरोंदा'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, सरकारनं १९७४ मध्ये पद्मश्री दिली. पण मी शाळामास्तर, मला हे पाच मोलाचे.

आता त्या 'वाहून नेण्या'चं.

लागूंनी आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव मी वर्गात सांगितलं, "लमाण."

वर्ग फस्सकन हसला. सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या. कारण तांड्यावरून येणाऱ्या आमच्या या पोराला चिडवताना काही जण हाच शब्द वापरतात, हे मला ठाऊक होतं. मी रागावायचोही. पण रागावून चिडवणं थांबत नाही, ते फक्त शाळेबाहेर जातं.

त्यानं मान खाली घातली होती. थोड्या वेळानं वहीवर काहीतरी खरडलं आणि वही वर धरली. लिहिलं होतं, 'सर ते खरंच लमाण होते का'. प्रश्नचिन्ह नव्हतं. मीही लाल पेन काढलं नाही.

मी सांगितलं, नाही, जन्मानं नव्हते. पण त्यांनी नटाला लमाण म्हटलं आहे. नाटक लिहितो लेखक, बघतो प्रेक्षक. नट मधला. एकाकडचा माल घ्यायचा आणि दुसऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवायचा, हे त्याचं काम. म्हणून तो लमाण. एवढा मोठा नट, साऱ्या देशात नाव, आणि स्वतःच्या आयुष्याच्या पुस्तकाला नाव देताना त्याला हाच शब्द सापडला.

वर्गात आता कुणी हसत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "तुझ्या आज्याला विचारून ये, जुन्या काळी लमाण माल कसा न्यायचे." शुक्रवार होता. सोमवारी पोरगा आला तो बोलतच आला. घसा सुटला होता!

आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेलं सांगितलं होतं. त्या व्यापाराला ते 'लदेणी' म्हणतात. शेकडो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी, गोणीत धान्य नाहीतर मीठ. पुढे तांड्याचा नायक. सगळं बिऱ्हाड बरोबर, लेकरंबाळंसुद्धा. इतिहासाच्या पुस्तकांतही आहे, मुघलांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना रसद पुरवली ती या तांड्यांनीच. मग आगगाडी आली, पक्के रस्ते झाले आणि एकोणिसाव्या शतकात बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. आज त्याच घरांतली माणसं ऊस तोडायला जातात.

"आणि सर," पोरगा म्हणाला, "आजा म्हणला, गोणीतला माल आपला नसतोय. पण वाटेत गोणी फाटली, का माल भिजला, तर पत आपली जाती. म्हणून रोज सांजच्याला गोण्या तपासायचे. आन् आधी बैलाची पाठ बघायचे. पाठ सोलली तर माल कशावर न्यायचा?"

मी त्याच्या घशाकडे बोट दाखवलं. तो हसला. त्याला कळलं.

लागूंच्या आयुष्यात एक फार मोठं दुःख आलं, तेही तुम्हाला सांगायला हवं. त्यांचा तरुण मुलगा तन्वीर धावत्या आगगाडीतून प्रवास करत होता. बाहेरून कुणीतरी दगड भिरकावला. तो त्याला लागला आणि त्यातच तो गेला. दगड मारणाऱ्याला हे घर, हा मुलगा ठाऊकही नसेल. आपल्या कंधारला रेल्वे नाही, पण नांदेडला जाता तेव्हा रुळांच्या कडेला खडीशी खेळणारी मुलं दिसतात. मला दर वेळी पोटात कालवतं.

लागू आणि त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू, यांनी मुलाच्या नावानं 'तन्वीर सन्मान' सुरू केला. नाटकासाठी आयुष्य दिलेल्या माणसांना तो दिला जातो. समाजासाठी पूर्ण वेळ झटणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याकाठी थोडी मदत मिळावी म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. त्यासाठी लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या नटांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे गावोगाव प्रयोग केले. 'सामना'तला मास्तर आणि पाटील इथं एकाच बाजूला! डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही लागू होते. देवाबद्दलची त्यांची मतं पुष्कळांना पटत नसत, माझ्या आईला तर मुळीच नाही. पण 'पिंजरा' लागला की ती टीव्हीपुढून उठत नाही.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात डॉ. लागू गेले. वय बाण्णव.

तर आता आमची तालीम पुन्हा सुरू आहे. मैदानाच्या टोकाला लिंबाचं झाड आहे, तिथं मी उभा राहतो. पोरगा व्हरांड्यात. माईक नाही. शब्द नीट ऐकू आला की मी हात वर करतो, नाही आला तर हात खाली. पहिल्या दिवशी माझा हात खालीच होता. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाक्यांना वर गेला. काल तो ओरडला नाही, उलट आवाज खाली आणला. बेलवलकर बायकोची आठवण काढतात ती जागा होती. आणि लिंबाखाली मला शेवटचं अक्षरसुद्धा ऐकू आलं. हात वर करायचं मात्र मी विसरलो. त्यानं तिथूनच विचारलं, "सर, आलं का नाही?"

संमेलन येत्या शनिवारी आहे. आजा येतो म्हणाला आहे, शालही त्याचीच. चिडवणाऱ्यांपैकी दोघं पडदा ओढायच्या कामावर आहेत. आणि जनरेटरचं अजून नक्की नाही.

तुमचे,
गुरुजी